जुना पत्रा पारखून घ्या

जुनी मोटारसायकल पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटलं, की लोक इंजिनाच्या काळजीत पडतात. माझा अनुभव असा, की खरी दमछाक पत्र्यासाठी होते.

जावा-येझदीचंच उदाहरण घ्या. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१पासून या गाड्या निघू लागल्या. १९९६मध्ये कारखाना बंद पडला. तरी पिस्टन, रिंगा मिळतात, कारण झिजणाऱ्या भागांना गिऱ्हाईक कायम असतं. टाकी, मडगार्ड, टूलबॉक्स मात्र क्वचितच कुणी बदलतो. शिवाय हा पत्रा मोठ्या साच्यात दाबून घडवलेला. तसा साचा पुन्हा करणं थोड्या मागणीसाठी परवडत नाही. २०१८मध्ये जावा हे नाव परतलं, पण ती फोर-स्ट्रोक गाडी वेगळीच. तिची टाकी जुन्या सांगाड्यावर बसत नाही.

मग उरतो पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार आणि जुन्या मेकॅनिकांचे पोटमाळे. तिथं जाताना मी तीन वस्तू नेतो: लोहचुंबक, बॅटरी आणि गाडीवरच्या बोल्टच्या भोकांचा कागदी नमुना. चुंबक जिथं नीट चिकटत नाही, तिथं रंगाखाली लांबीचा थर असतो. बॅटरीच्या उजेडात टाकीतला गंज दिसतो. आणि भोकं नमुन्याशी जुळली नाहीत, तर तो भाग दुसऱ्या मॉडेलचा किंवा हातानं ठोकलेली नक्कल समजावी.

चकचकीत नकलेपेक्षा पोचलेला मूळ भाग घ्यावा, असं मी सांगेन. पोचा कुशल डेंटर काढून देतो. चुकलेला बाक मात्र सहसा साधत नाही. जुनी टाकी झाळायची असेल, तर अनुभवी माणसाकडूनच. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते आणि ठिणगीनं स्फोट होतो.

आता याला कायद्याचीही बाजू आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली गाडीच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. म्हणून मूळ पत्रा जपा, आणि विकत घ्याल त्याची पावती मागा. पावती द्यायला विक्रेता कां-कूं करू लागला, तर माल चोरीचा असू शकतो. असा भाग कितीही दुर्मीळ असला, तरी तिथंच ठेवून यावा.