चौतीस टक्क्यांच्या आतली इमारत

न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन. विटांच्या एखाद्या जुन्या इमारतीत कॉफी प्यायला शिरावं, तर दाराशीच नोटीस असते: ही इमारत भूकंपात धोकादायक आहे. किती धोकादायक, तेही टक्क्यांत लिहिलेलं. मालकाने ती ठळक जागी लावायचीच, नाहीतर दंड. आणि आत? आत कॅफे बिनदिक्कत चालू! कायद्याने सहसा इमारतीला टाळं ठोकलेलं नसतं. मालकाला मुदत दिलेली असते, आणि तोवर आत जायचं की नाही हे गिऱ्हाइकावर सोडलेलं असतं.

हे टक्के कशाचे? आज त्याच जागी नवी इमारत बांधली, तर तिला जेवढे हादरे सोसता यायला हवेत, त्यातला किती हिस्सा ही जुनी सोसेल, याचे. एक तृतीयांशही जमत नसेल, म्हणजे ३४ टक्क्यांच्या आत असेल, तर नापास. आपल्या दहावीच्या पस्तिसाला अगदी खेटून! पण ही परीक्षा भलतीच खडूस. इथे बेरीज नाही, सरासरी नाही. बाकी इमारत ठणठणीत आहे आणि रस्त्याकडचा वरचा कठडा तेवढा डळमळीत आहे, तर कठड्याचे गुण तेच अख्ख्या इमारतीचे गुण. शिवाय प्रश्नपत्रिका गावागणिक वेगळी. वेलिंग्टन शहराच्या पोटातून भ्रंशरेषा गेली आहे, तर ऑकलंडखालची जमीन त्या मानाने शांत. त्यामुळे तीच इमारत, त्याच विटा, वेलिंग्टनमध्ये नापास आणि ऑकलंडमध्ये आरामात पास होऊ शकते.

एका कठड्याचा एवढा धसका कशासाठी?

जुन्या विटांच्या इमारतीत लाकडी तुळयांची टोकं भिंतीतल्या खोबणीत नुसती टेकवलेली असतात. वजन खाली जातं तोवर सगळं झकास. जमीन आडवी हलू लागली की मात्र मजला एकीकडे झुकतो, भिंत दुसरीकडे, आणि दोघांना धरून ठेवणारं मध्ये काहीच नसतं. त्यात धक्का इमारतीतून वर चढताना वाढत जातो. सगळ्यात वर कोण? तो कठडा! वरून मोकळा, बाजूंनी जेमतेम धरलेला, शोभेपलीकडे फारसं काम नसलेला. तो सुटतो आणि थेट फुटपाथवर येतो.

४ सप्टेंबर २०१०. पहाटे ४:३५ वाजता क्राइस्टचर्चजवळ ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला. कठडे आणि दर्शनी भिंती कोसळल्या, पण रस्ते रिकामे होते. त्या पडझडीत एकही माणूस दगावला नाही! २२ फेब्रुवारी २०११ ला दुपारी १२:५१ वाजता पुन्हा भूकंप झाला. तीव्रता कमी, ६.२, पण या वेळी तो शहराला खेटून, उथळ, आणि ऐन जेवणाच्या सुट्टीत. १८५ माणसं गेली. त्यातली ११५ एकाच काँक्रीटच्या इमारतीत. विटांच्या बांधकामांनी चाळीसएक बळी घेतले, आणि चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की त्यातले बहुतेक त्या इमारतींच्या आत नव्हतेच. कुणी फुटपाथवर होतं, कुणी बसमध्ये.

आपल्याकडे किल्लारीचा भूकंपही साधारण ६.२ चाच. आणि क्राइस्टचर्चच्या २०१० च्या भूकंपासारखाच पहाटेचा, १९९३ च्या ३० सप्टेंबरला. पण तिथे पहाटेने वाचवलं नाही, उलट घात केला. न्यूझीलंडचे लोक हलक्या लाकडी घरांत झोपले होते. आपले लोक मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींमध्ये, डोक्यावर मातीचं वजनदार छप्पर घेऊन. हजारो गेले.

क्राइस्टचर्चनंतर २०१६ मध्ये कायदा झाला, २०१७ पासून लागू. जास्त धोक्याच्या भागात इमारत पक्की करायला १५ वर्षं. पण विटांचा भाग वर्दळीच्या रस्त्यावर पडण्यासारखा असेल, तर मुदत निम्मी, साडेसात वर्षं. आणि वर्दळीचा रस्ता कोणता, हे नगरपालिकेने गावातल्या लोकांना विचारून ठरवायचं! मला या कायद्यातलं हे कलम सगळ्यात आवडतं. मालमत्ता मालकाची, पण मुदत ठरते ती खालून चालणाऱ्याच्या जिवावरून.

नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यूझीलंडच्याच कैकोउरा भागात ७.८ चा भूकंप झाला, या वेळी मध्यरात्री. असा मोठा धक्का बसला की काही काळ आणखी धक्क्यांची शक्यता वाढलेली असते. मग साडेसात वर्षं तरी कोण थांबणार? वेलिंग्टन आणि आसपासच्या ठरावीक रस्त्यांवरच्या मालकांना कठडे आणि दर्शनी भिंती पक्क्या करून घ्यायला मिळालं एक वर्ष. पुढे थोडी वाढ, खर्चाला सरकारी हातभार.

काम तसं बघाल तर साधं. भिंतीला आरपार भोक पाडायचं, पोलादी सळई घालून आतल्या तुळईला घट्ट जोडायची, बाहेरून थाळीएवढी लोखंडी चकती लावून नट आवळायचा. रस्त्यावरून दिसतात त्या फक्त चकत्या. मजला आणि भिंत आता एकत्र हलतात. चमत्कार म्हणायचा तो एवढाच, पण भिंत रस्त्यावर येत नाही!

टक्क्यांचं मात्र बिनसलं. लोकांना वाटू लागलं, तीस टक्के म्हणजे इमारत आज-उद्या बसणारच. भाडेकरू ६७ टक्क्यांच्या खाली बघेनात. मालक खर्चाने मेटाकुटीला आले. २०२४ मध्ये मुदती चार वर्षांनी वाढवल्या, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने ही टक्केवारीच मोडीत काढायचं जाहीर केलं. ऑकलंडही धोकादायक इमारतींच्या यादीबाहेर जाणार. मग यादीत उरणार कोण? तीन किंवा अधिक मजल्यांच्या काँक्रीटच्या इमारती, आणि अर्थातच जुन्या विटांच्या.