रीळ की सेन्सर?

प्रतिमा कशी उमटते? फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. प्रकाश पडला की ते बदलतात आणि रसायनात धुतल्यावर चित्र दिसू लागते. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सर प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करतो.

११ मिनिटांचे बंधन : ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी मावतात. सेकंदाला २४ चौकटी या वेगाने १,००० फुटांचे रीळ सुमारे ११ मिनिटांत संपते. म्हणूनच कॅमेरा सुरू करण्याआधी कसून तालीम होई. डिजिटलमध्ये टेक वाढला तरी फिल्म खर्ची पडत नाही आणि चित्रण तिथल्या तिथे पाहता येते.

वळणाचे टप्पे : मुंबईत चित्रित झालेला ‘स्लमडॉग मिलियनेअर’ हा छायाचित्रणाचे ऑस्कर मिळवणारा पहिला मुख्यतः डिजिटल चित्रपट (२००९). २०१३मध्ये फुजीफिल्मने चित्रीकरणाच्या फिल्मचे उत्पादन थांबवले. तरीही रीळ संपले नाही. ‘ओपनहायमर’साठी (२०२३) कोडॅकने ६५ मिमीची कृष्णधवल फिल्म खास तयार केली.

जपणूक : जुनी नायट्रेट फिल्म चटकन पेट घेते. जानेवारी २००३मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील आगीत असा मोलाचा साठा नष्ट झाला. नंतरची अ‍ॅसिटेट फिल्म उष्ण, दमट हवेत कुजते आणि तिला व्हिनेगरसारखा वास येतो. थंड, कोरड्या कोठारात मात्र ती अनेक दशके टिकते. डिजिटल फाइलही आपोआप टिकत नाही, ठरावीक वर्षांनी ती नव्या माध्यमावर उतरवावीच लागते. साधन कोणतेही असो, निगा राखली तरच चित्रपट पुढच्या पिढीला पाहायला मिळेल.