दोन फूट रुंद, एक फूट खोल

ओळंब्याचा दगड अजून हलतोय. तीन बांबूंची ए-फ्रेम दोघींनी दोन पायांना धरून ठेवली आहे. तिसरी वाकून दोरीकडे बघते आहे आणि फक्कीचा डबा घेतलेला पोरगा मागे जांभया देतो आहे. "थांबू दे गं त्याला," वाकलेली म्हणते. पण वारा कुठे थांबू देतो! जानेवारीतली सकाळ, बालाघाटचा उघडा माळ. शेवटी ती दोन्ही हातांचा आडोसा करते, दगड स्थिरावतो, दोरी आडव्या बांबूवरच्या खुणेला टेकते. "लेव्हल!" ती ओरडते. पोरगा दोन्ही पायांपाशी चिमूट चिमूट फक्की टाकतो. एक पाय जागेवर ठेवून फ्रेम फिरते आणि पुढचं पाऊल पडतं. उतारावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ उमटत जाते. ती सरळ नाही. डोंगराच्या पोटाबरोबर आत वळते, परत बाहेर येते. बघायला आलेल्या गावातल्या आजोबांना काही ती पटत नाही.

"वाकडं चाललंय की."

"वाकडंच पाहिजे, बाबा. सरळ खांदलं तर पाणी एका टोकाला पळतंय."

आजोबा मान हलवतात. पटलं म्हणून की पोरीचं मन राखायला, ते कळत नाही.

पाटोद्याच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचं हे सात दिवसांचं निवासी शिबिर आहे. आज तिसरा दिवस. पन्नासेक पोरं-पोरी, त्यांचे कार्यक्रम अधिकारी असलेले सर, एक मॅडम आणि मृदसंधारणातून निवृत्त झालेले एक साहेब. साहेब पगारी नाहीत. बोलावलं की येतात, स्वतःच्या मोटारसायकलवर, मागे टेप आणि पहार बांधून. पाटोदा म्हटल्यावर बाहेरच्या लोकांना संभाजीनगरजवळचं, भास्करराव पेरे पाटलांचं आदर्श गाव आठवतं. हे ते नव्हे. हे बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. याच तालुक्यात गवळवाडीजवळ मांजरा उगम पावते आणि गोदावरीकडे निघते. याच तालुक्यात सौताड्याला विंचरणा कड्यावरून उडी घेते आणि सीनेतून भीमेकडे जाते. एकाच ढगाचं पाणी दोन खोऱ्यांत वाटलं जातं आणि ज्या माळावरून ते जातं तो फेब्रुवारीतच टँकरची वाट बघू लागतो. आम्ही आहोत तो उतार मांजरेच्या बाजूचा.

फक्कीची ओळ पुरी होते आणि टिकाव सुरू होतात. चराचं माप ठरलेलं: दोन फूट रुंद, एक फूट खोल. निघालेली माती चराच्या खालच्या अंगाला टाकायची, तीही अगदी काठावर नाही. मध्ये वीतभर जागा सोडायची, नाहीतर पहिल्याच सरीत सगळी परत चरात. वरची चार बोटं माती निघते आणि मग मुरूम लागतो. टिकावाचा आवाज बदलतो. पाटोद्याच्या बाजारपेठेत वडिलांचं कापडाचं दुकान असलेला एक पोरगा अर्ध्या तासात तळहात उघडून बघतो. फोड आलाय. शेजारची पोरगी त्याच्या हातातला टिकाव घेते, दांड्यावर हात कुठे धरायचा ते दाखवते, आणि परत देत नाही. तो घमेली वाहायला लागतो.

फलकावर लिहिलंय 'श्रमसंस्कार शिबिर'. हा शब्द महाराष्ट्रात जुना आहे. बाबा आमट्यांनी सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली तेव्हापासून तो कानावर आहे. शहरातल्या, पांढरपेशा घरातल्या पोरांना मातीत हात घालायला लावायचं, हा त्याच्यामागचा विचार. इथे मात्र तो फलक बघून मला हसू येतं. यातल्या निम्म्याहून अधिक पोरांचे आईवडील या घटकेला ऊसतोडीवर आहेत. टिकाव हातात घेतलेली ही पोरगी दहावीची परीक्षा झाल्यावर मोळ्या बांधायला गेली होती. तिला श्रमाचा संस्कार कोण करणार? तिच्यासाठी नवी आहे ती ए-फ्रेम. घाम गाळण्याआधी मोजायचं असतं, हे तिला आजवर कुणी शिकवलं नव्हतं, आणि काल फ्रेमवरची खूण करताना तिचा चेहरा मी पाहिलाय. दोरी पडली तिथे एक रेघ मारायची, मग फ्रेमच्या पायांची अदलाबदल करून परत तिथेच उभी करायची, दोरी दुसरीकडे पडते तिथे दुसरी रेघ. दोन्हींच्या बरोबर मध्ये खरी लेव्हल. बांबू वाकडे असले तरी चालतात, जमीन उंचसखल असली तरी चालते. "म्हणजे चुकीच्या दोन खुणांतनं बरोबर निघतंय," ती म्हणाली आणि तीनदा करून बघितलं.

साडेदहाला चहा येतो, किटलीतून, सोबत कागदाच्या पुड्यात मुरमुरे. खाली गाव दिसतं. धूर मोजक्याच घरांतून निघतोय. दिवाळी झाली की मुकादमाच्या ट्रकांत संसार भरून टोळ्या जातात, कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल त्या हिशेबानं मिळते. मागे उरतात म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं आणि कुलपं. शिबिराला असंच गाव दत्तक मिळालं आहे. ग्रामसभा ठेवली तर येणार कोण, हा प्रश्न सरांनी पहिल्याच दिवशी सोडवला: ते घरोघरी जाऊन ओट्यावर बसतात.

मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. मुली दोन वर्गखोल्यांत, मुलं मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात, थंडीनं एकमेकांना चिकटून. पहाटे साडेपाचला शिट्टी. त्याआधीच कुठूनतरी मोर ओरडतो. नायगावचं मयूर अभयारण्य याच तालुक्यातलं, १९९४ साली घोषित झालेलं. प्रार्थना, कवायत, हौदाच्या पाण्यानं अंघोळ, तीही ज्याची हिंमत होईल त्याची. मग गटवार कामं: एक गट स्वयंपाकाला, एक पाण्याला, एक झाडलोटीला, बाकीचे डोंगरावर. एनएसएसच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक असतं, त्याचे आठ आरे म्हणजे आठ प्रहर, चोवीस तास सेवेला तयार. स्वयंपाक गटातला एक जण काळ्या पातेल्यात अर्धा आत शिरून सांगतो, "सर, नववा आरा राहिला बगा. भांड्यांचा."

ज्या चुलीवर हे पातेलं चढतं ती चूल टिकाववालीच्या ओळखीची आहे. ही शाळा नाही, पण अशाच एका शाळेत ती चार हंगाम जेवली. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासन हंगामी वसतिगृह चालवतं. दोन वेळचं जेवण शाळेत मिळतं, म्हणजे आईवडील गेले तरी लेकरू गावातच शिकू शकतं. "रात्री आजीकडं झोपायचं. सकाळी ताट घेऊन पळायचं," ती सांगते. पुढे काही बोलत नाही, भाकरी थापते. बाजरीच्या भाकरी गावातल्या बायकाही घरून पाठवतात. काल एका घरून शेंगोळे आले, हुलग्याचे, लसणाची फोडणी दिलेले, आणि ते वाढताना शिस्त कोलमडली ती कोलमडलीच.

दुपारनंतर काम ओढ्यात. चर माथ्यावर, बांध खाली. माथा ते पायथा हा क्रम साहेब कुणाला मोडू देत नाहीत. ओघळीत अनगड दगडांचा बांध घालायचा, सिमेंट नाही, माती नाही, दगडावर दगड. आधी फूटभर पाया खोदायचा. मोठे दगड बाहेरच्या बाजूला, बारीक आत, आणि बांधाचा मध्य दोन्ही काठांपेक्षा खाली ठेवायचा, म्हणजे पुराचं पाणी मधूनच उतरतं, काठ कुरतडत नाही. पोरं उत्साहात उंच रचत जातात. साहेब येतात, काठीनं वरचे दोन थर पाडतात. "मंदिर बांधायचं नाही आपल्याला. पाणी अडवायचं नाही, दमवायचं."

सकाळचे आजोबा इथेही हजर आहेत. ते आता नुसते बघत नाहीत. एक दगड उचलतात, हातात फिरवतात, त्याचं तोंड शोधतात आणि असा बसवतात की वर उभं राहिलं तरी डुगडुगत नाही. पोरं थांबून बघायला लागतात. आजोबा ७२ च्या दुष्काळात तरुण होते. खडी फोडायला जायचे, सुकडी मिळायची, परदेशातून आलेली लाल मिलो खायची. त्याच दुष्काळातून रोजगार हमी महाराष्ट्रभर पसरली, वि. स. पागे यांची कल्पना. १९७७ चा कायदा, १९७९ पासून अंमल, आणि पुढे २००५ मध्ये देशाचा कायदा. आजोबांना यातलं साल एकच माहीत आहे, ते त्यांनी अंगावर काढलंय.

"तुमाला रोज किती देत्यात?" ते विचारतात.

"काही नाही, बाबा. श्रमदान आहे."

"कायीच न्हाई?"

"जेवण. आणि सर्टिफिकेट."

आजोबा सरांकडे असं बघतात की सर दुसरीकडे बघतात.

त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. १९३३ साली मंदीच्या तडाख्यात अमेरिकेत रूझवेल्टनं बेकार तरुणांची संधारण फौज उभी केली. पोरं छावण्यांत राहायची, झाडं लावायची, जमिनीची धूप थांबवायची. नऊ वर्षांत सुमारे ३० लाख तरुण त्यातून गेले. महिन्याला तीस डॉलर मिळायचे आणि त्यातले पंचवीस थेट घरी पाठवले जायचे. आपली राष्ट्रीय सेवा योजना गांधीजींच्या जन्मशताब्दीतली, २४ सप्टेंबर १९६९ ची. तिचा पिंड विद्यार्थ्याला समाज दाखवण्याचा, मजुरीचा नाही, हे मान्य. पण ज्याचं घर उचलीवर चालतं त्या पोरानं सात दिवस फुकट खोदायचं, ही गोष्ट पुण्यातल्या पोरानं खोदण्यासारखी नाही. दत्तक गावाचा विचार करताना दत्तक कोण कुणाला घेतंय, हेही बघावं लागेल.

रात्रीचं बौद्धिक सत्र शाळेच्या मोठ्या खोलीत. साहेब फळ्यावर हिशेब मांडतात. साठ सेंटिमीटर गुणिले तीस गुणिले एक मीटर: १८० लिटर. एक मीटर चर एका भरण्याला एवढं पाणी धरतो. एका हेक्टरवर एक सेंटिमीटर पाऊस पडला तर एक लाख लिटर. पोरांचे ओठ हलतात, आकडेमोड चालू आहे. मग खडू खाली ठेवून साहेब लातूर काढतात. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी न्यावं लागलं, ते या पोरांनी टीव्हीवर पाहिलेलं आहे. त्या धरणाची नदी आपल्या तालुक्यातली.

मागून एक हात वर होतो. फोड आलेला हात, पट्टी बांधलेला. "सर, मग आपण इथं पाणी अडवलं तर लातूरला कमी जाईल की."

खोलीत एकदम शांतता. मॅडम हसतात. साहेब चष्मा काढतात. सांगतात, चर पाणी मुरवतो, मुरलेलं पुढे झऱ्यांतून ओढ्याला येतं, सावकाश. आणि इथून वाहून जाणारी माती धरणात बसली तर धरणाचं पोट कमी होतं, ती आपण थांबवतो. पोरगा म्हणतो, "पण कमी पावसाच्या साली?" साहेब थोडं थांबून म्हणतात, "कमी पावसाच्या साली पहिला घोट वरचा पितो. खरं आहे." मला हे उत्तर आवडतं. एवढ्यावर सत्र संपवायला नको होतं, पण आठ वाजून गेलेत, आणि भाताचा वास आलाय.

जेवणानंतर मैदानात शेकोटी. गाण्यांच्या भेंड्या सुरू होतात. नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळ येतं, म्हणून तिथे फोनवाल्यांची रांग. टिकाववालीचा नंबर लागतो. पलीकडे बेळगावकडच्या फडातली कोपी, आई. फोन स्पीकरवर आहे, कारण कानाला लावला की आवाज जातो.

"काय काम करायलेत?"

"समतल चर, माय. डोंगरावर."

"सीसीटी व्हय? आमी रोजगार हमीवर केलंय ते." आई विचारते, माती खालच्या अंगाला टाकली का, जागा सोडली का. पोरगी हो म्हणते. तिच्या चेहऱ्यावर सकाळची ऐट राहिलेली नाही. परीक्षा तोंडी चालू आहे.

"अन् बी?"

"कशाचं बी?"

"गवताचं गं! उघडी माती ठिवली तर दोन पावसांत सपाट. बांधावर गवत पाहिजे."

पोरगी ओरडून सरांना विचारते. सर शेकोटीपासून येतात, सांगतात की गवत पेरायचं आहेच, पण ते जूनमध्ये, पाऊस लागताना. आणि जूनमध्ये शिबिर नसतं, परीक्षा, सुट्ट्या, सगळे पांगलेले. बियाण्याचीही तरतूद नाही.

"जूनमधी आमी असतोत की गावाकडं," पलीकडून आवाज येतो. "सरांला सांग, आमी टाकू. आजीला म्हणावं, गवताच्या गंजीखाली बी झडलेलं असतंय, पवन्याचं, ते झाडून पोत्यात भरून ठिव. उंदरांपसून वर टांग." थोडा खोकला, मागे कुणीतरी बैलांवर ओरडतंय. "किती झालंय तुमचं काम? त्या मापानं सांगते आजीला."

पोरगी फोनवर हात ठेवून शेकोटीकडे वळते. "ए, आजचे मीटर किती झाले रे?"

एकशे दहा, एक जण म्हणतो. एकशे तीस, दुसरा. कापड दुकानवाला पट्टी बांधलेला हात वर करून सांगतो की दोघंही वळणं धरायला विसरलेत, आणि टेप आणायला खोलीकडे पळतो.