आजी सोलापूरला कशी गेली?

कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम (सीएमएस) हे नाव ऐकून घाबरू नका. वेबसाइटचा मजकूर जिथे भरतात, बदलतात आणि जिथून तो पानावर जातो, ती ही जागा. (मी कॉन्व्हेंटची, र्‍हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!)

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर. २०१७ पासून त्या 'पारी' या संकेतस्थळावर येऊ लागल्या. ते पाहून मला आमच्या घरची वही आठवली. आजी आणि तिची जाऊ म्हसवडला एका जात्यावर बसायच्या. दोघींच्या ओव्या आईने लिहून ठेवल्यात. म्हटलं, आपणही छोटी साइट करू.

आधी मी एकाच तक्त्यात ओवी, गायिका, गाव असं सगळं भरलं. कुठे 'म्हसवड', कुठे 'म्हसवाड' टाइप झालं आणि साइटवर एका गावाची दोन गावं झाली. म्हणून तीन वेगळे संग्रह केले: ओव्या, गायिका, गावं. गावाचं नाव एकदाच लिहायचं, बाकी ठिकाणी फक्त त्याच्याकडे बोट दाखवायचं. या बोटाला रेफरन्स म्हणतात. स्पेलिंग एका जागी सुधारलं की सगळ्या पानांवर सुधारतं.

पण बोट दाखवायचं कशावरून? मी नावावरून दाखवलं, तिथेच फसले. आजीचं माहेर माणमधली मार्डी, जावेचं सोलापूरजवळची मार्डी. इंपोर्ट करताना प्रोग्रॅमने पहिली सापडलेली मार्डी उचलली. आजीला मोबाइल दाखवला तर म्हणाली, "अगं, मी सोलापूरची कवा झाले?"

मग प्रत्येक गावाला वेगळा आयडी दिला आणि सगळी जोडणी त्यावर केली. कॉलेजच्या रोल नंबरसारखंच, वर्गात दोन पूजा असल्या तरी मार्क बदलत नाहीत. (निदान बदलू नयेत.)

दुसरी अडचण जात्यानेच काढली. एकीने ओळ धरायची, दुसरीने पुरी करायची, म्हणजे एका ओवीच्या गायिका दोन. तेव्हा 'गायिका' या रकान्यात एकापेक्षा जास्त रेफरन्स चालतील असं सेटिंग केलं. आता दोघींच्या पानांवर तीच ओवी दिसते, कॉपी न करता.

सात ओव्या राहिल्यात. कोणी म्हटल्या ते वहीत नाही, आजीला आठवत नाही, जाऊ आता हयात नाही. त्यांचा गायिकेचा रकाना मी रिकामाच ठेवलाय.