मोटारीचा दातेरी पट्टा

मालवण, देवगड, वेंगुर्लें या बाजूच्या गांवांत वर्षाचे दहा महिने माडांच्या सावलींत उभी असलेली मोटार दिसणें ही नवलाची गोष्ट नाहीं. मालक मुंबईस नोकरीला. चतुर्थीस आणि मे महिन्यांत चाकरमानी गांवीं आले म्हणजे गाडी बाहेर पडावयाची. दहा वर्षांत ती पंचवीस हजार किलोमीटरहि धांवलेली नसते, आणि म्हणून ती नवीच आहे असें घरांत सर्वजण मानतात. एंजिनाच्या तोंडाशीं झांकणाआड असलेल्या एका रबरी पट्ट्याच्या बाबतींत मात्र हा हिशेब फसवा ठरतो.

या पट्ट्यास व्यवहारांत टायमिंग बेल्ट म्हणतात. दट्टे वरखालीं होऊन क्रँकचा दांडा फिरवितात, आणि कॅमचा दांडा झडपा उघडतो. क्रँकचे दोन फेरे होतांना कॅमचा नेमका एकच फेरा झाला पाहिजे. हें प्रमाण केंसभरहि चुकूं नये म्हणून पट्ट्याच्या आंतल्या अंगास दांते असतात. ॲम्बॅसिडर व पद्मिनी या जुन्या गाड्यांत हें काम साखळी करीत असे. १९६२ सालीं जर्मनींतील ग्लास कंपनीची १००४ ही गाडी रबरी पट्टा घेऊन निघाली. आपल्याकडे १९८३ पासून २०१४ पर्यंत तयार झालेल्या मारुति ८०० मध्यें आणि १९९८ सालीं आलेल्या इंडिकाच्या डिझेल एंजिनांतहि पट्टाच होता. आतां पुष्कळ एंजिनांत साखळी पुन्हां आली आहे. तेव्हां आपल्या गाडींत काय आहे, हें तिच्या पुस्तिकेंत आधीं पाहावें.

पट्टा हलका व कमी आवाजाचा असतो, त्याला तेल लागत नाहीं. परंतु रबर नुसत्या काळानेंहि म्हातारें होतें. म्हणूनच कारखानदार किलोमीटर आणि वर्षें अशा दोन मर्यादा देतात; जी आधीं भरेल ती खरी. खाऱ्या वाऱ्यांत उभ्या राहिलेल्या गाडीच्या लोखंडी चक्रांवर गंज धरूं शकतो, तो निराळाच.

सैल साखळी खडखडून इशारा देते. पट्टा बहुधा मुकाट्यानें तुटतो. तो तुटला कीं कॅम थांबतो, पण क्रँक वेगाच्या भरांत फिरतच राहतो. कांहीं पेट्रोल एंजिनांत झडपा व दट्टे यांमध्यें पुरेसें अंतर असतें; डिझेल एंजिनांत तें सहसा नसतें. दट्टा उघड्या झडपेवर आदळतो, झडपा वांकतात, आणि एका पट्ट्याच्या खर्चाऐवजीं एंजिन उघडण्याचा खर्च येतो. तेंहि परवडलें. करूळच्या किंवा आंबोलीच्या घाटांत, पावसाळी रात्रीं, माणसांनीं भरलेली गाडी अशी बंद पडली तर ब्रेकचें साहाय्यक बळ थोड्याच वेळांत संपतें, सुकाणूं जड होतें. पैशाचा प्रश्न तेथें दुय्यम.

बदलण्याचें काम कुशल मेस्त्रीचें आहे. तरी तो काय करतो हें मालकास ठाऊक असावें. प्रथम बॅटरीची तार काढावयाची. मग क्रँक पान्यानें फिरवून पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या अगदीं वर आणावयाचा आणि दोन्ही चक्रांवरील खुणा एंजिनावरील खुणांशीं जुळवावयाच्या. यानंतर ताण देणारी कप्पी सैल करून पट्टा उतरवितात. पट्टा नसतां कोणतेंही चक्र हलतां कामा नये. ही कप्पी पट्ट्याबरोबरच बदलावी; पाण्याचा पंप पट्ट्यानेंच फिरत असेल तर तोहि. सीलमधून तेल गळत असेल तर तेंहि याच वेळीं बदलावें. कारण तेल हा रबराचा शत्रू. तेवढ्यासाठीं मागाहून सगळें पुन्हां उघडावें लागणें ही खोटी काटकसर होय.

नवा पट्टा दुमडूं वा पिळूं नये. तो चढवून, ताण देऊन झाल्यावर क्रँक हातानें पूर्ण दोन फेरे फिरवितात. दोनच कां? तेव्हढ्यांत कॅमचा एक फेरा पुरा होऊन सर्व खुणा पूर्वस्थानीं येतात. दोन फेऱ्यांत कोठें अडलें तर जोर करूं नये. झडप दट्ट्यास लागत आहे असें समजून पुन्हां आरंभापासून जुळवावें. एक दांता जरी चुकला तरी एंजिन अडखळत चालतें. मेस्त्री घाईंत ही फिरवणी गाळून थेट स्टार्टर मारूं लागला, तर त्याला तेथेंच थांबवावें.

काम झाल्यावर तारीख आणि किलोमीटर कागदावर लिहून तो झांकणास चिकटवावा. जुनी गाडी घेतांना असा कागद किंवा पावती मिळाली नाहीं, तर पट्टा जुनाच आहे असें धरून तो चतुर्थीच्या प्रवासापूर्वीं बदलून घ्यावा.