गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात का थांबते?

गेटवे ते मांडवा ही प्रवासी लाँचसेवा जून ते ऑगस्ट बंद असते. ऊन पडले तरी ती सुरू होत नाही, याचे अनेकांना नवल वाटते. परंतु अडथळा पावसाचा नसून नैर्ऋत्येकडील वाऱ्याचा आहे. खवळलेल्या पाण्यात लाँच धक्क्याशी स्थिर राहत नाही. प्रवाशांच्या चढ-उतारातही जोखीम असते. आडोशाच्या भाऊचा धक्का-रेवस मार्गावर मात्र हवामान पाहून फेऱ्या चालतात.

सारंग, खलाशी तेव्हा काय करतात? लाँच ओढून तळाची शेवाळे-शिंपले खरवडायची, रंग द्यायचा, इंजिन उघडायचे. रोजंदारीवरील खलाशाला हे काम न मिळाल्यास तीन महिने अन्यत्र रोजगार शोधावा लागतो. प्रवासी या काळात रस्त्याने किंवा २०२० पासूनच्या रो-रोने जातात. सर्वेक्षणाचे प्रमाणपत्र मिळाल्यावरच लाँच पुन्हा प्रवासी घेते.