डब्यावरील दोन अक्षरें

इंजिनांत घालावयाचें तेल हा मिस्त्रीचा विषय, आपला नव्हे, अशी आमची गेल्या चातुर्मासापर्यंत समजूत होती. पुतण्यानें आमच्या धाकट्या बंधूंच्या मोटारीसाठीं आणलेलें उंची तेल आपल्या मोटारसायकलींत घातलें, आणि पंधरा दिवसांत ती चढावर अडूं लागली. इंजिन ओरडे, पण चाक त्या मानानें फिरेना. क्लच घसरत होता. तेल वाईट होतें काय? मुळींच नाहीं. म्हणून आम्ही चष्मा लावून डब्यावरील अक्षरें वाचावयास बसलों.

अमेरिकेंतील पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे 'एपीआय', ही संस्था १९१९ सालची. तिच्या पद्धतींत पेट्रोल इंजिनाच्या तेलास 'एस' हें अक्षर असून, त्यापुढील अक्षर तेलाची पिढी सांगतें. 'एसए' हें निव्वळ तेल. १९३० नंतरच्या बहुतेक इंजिनांस तें अयोग्य. २००४ सालीं 'एसएम', २०१० सालीं 'एसएन', २०२० सालीं 'एसपी' आणि मार्च २०२५ अखेर 'एसक्यू' आलें. मध्यें 'आय', 'के', 'ओ' हीं अक्षरें गाळलेलीं आहेत. आमच्यासारख्या वर्णमाला घोकलेल्या माणसास तें खटकतें.

ही पायरी वारंवार कां बदलते? इंजिनें बदलतात म्हणून. तेलांतील जस्त-फॉस्फरसाचें संयुग भागांची झीज वांचवितें. पण तोच फॉस्फरस धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरास मारक ठरतो. म्हणून 'एसएम'च्या वेळीं पातळ तेलांत त्याचें प्रमाण शेंकडा ०.०६ ते ०.०८ इतकेंच ठेवण्यांत आलें. पुढें लहान, पण टर्बो लावलेलीं इंजिनें आलीं. कमी वेगांत जास्त भार पडतांच त्यांत ठिणगीपूर्वींच इंधन पेट घेऊं लागलें आणि पिस्टन फुटूं लागले. तेलांतील कॅल्शियमयुक्त क्षालकें या दोषास हातभार लावतात असें आढळलें, तेव्हां कांहीं अंशीं मॅग्नेशियमची योजना झाली. २०१८ सालीं 'एसएन प्लस' हा तात्पुरता तोडगा निघाला. 'एसपी'नें त्यांत साखळीच्या झिजेची परीक्षाही घातली.

पेट्रोलच्या गाडीस जुनें अक्षर सांगितलें असेल, तर त्याच दाटपणाचें नवें तेल सामान्यतः चालतें. उत्सर्ग सांगितला कीं अपवाद शोधावा, ही आमची जुनी खोड. डिसेंबर २०१६ मध्यें डिझेलसाठीं 'सीके-४' बरोबरच आलेलें 'एफए-४' जुन्या इंजिनांस चालेलच असें नाहीं. आणि '०डब्ल्यू-२०' सारखे आंकडे केवळ दाटपणा सांगतात, पिढी नव्हे. आमच्या बंधूंनीं दोन्हींची गल्लत केली होती.

आतां मोटारसायकल. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलांत बुडालेला असतो. इंधन वांचावें म्हणून मोटारीच्या पातळ तेलांत घर्षण कमी करणारीं द्रव्यें घालतात. पण क्लच चालतो तो घर्षणावरच! यास्तव जपानी 'जासो' मानकाचीं 'एमए' किंवा 'एमए२' हीं अक्षरें डब्यावर पाहावींत. 'एमबी' असेल तर तें बिनगियरच्या स्कूटरकडे. तिचा क्लच तेलांत नसतो.

पुतण्यानें तेल बदललें. चढ पुन्हा सुटूं लागला, आणि डब्यांत उरलेलें तेल बंधूंच्या कपाटांत परत गेलें.